लेकीचं लग्न झालं, आता खोलीभर उरलेल्या सामानाचं काय करू? विकलं तर चालतं का?

सुदामानगरची_माई

नमस्कार मंडळी. लेकीचं लग्न वैशाखात झालं, इथे इंदूरलाच, बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. छान झालं, देवाच्या कृपेने कुणी रुसलं नाही. लेक-जावई बंगळूरला गेले आणि लेकीच्या खोलीचं आता गोदाम झालंय. काय काय आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. शिवलेले तयार फेटे ६२ (९० घेतले होते, पण वऱ्हाडातल्या बऱ्याच पोरांनी केस बिघडतात म्हणून डोक्याला लावलेच नाहीत), खोट्या झेंडूच्या माळा दीडशेच्या वर, हळदीच्या दिवशीच्या पिवळ्या छोट्या छत्र्या १४, लोखंडी फोल्डिंगची चौकट आणि तिचे दोन पडदे, झालर म्हणजे लाइटच्या माळा २२, पितळेसारखे दिसणारे दिवे, वेताच्या टोपल्या, आहेरासाठी शिवून घेतलेले खणाचे बटवे ११०, पत्रिका ७०, रुखवताचा सगळा पसारा आणि हाताने रंगवलेला अंतरपाट. तो माझ्या धाकट्या जावेने तीन आठवडे बसून रंगवला.

नुसत्या ह्या वरवरच्या सामानावर साठ-सत्तर हजार गेलेत. मला वाटतं विकावं, कुणाच्या तरी लग्नात कामाला येईल आणि आमचेही थोडे पैसे सुटतील. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात मंगलकार्याचं सामान विकत नाहीत, लोक म्हणतील लग्नात कर्ज झालं वाटतं. यजमान म्हणतात अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, बोलव आणि खोली रिकामी कर. मला दोन्ही पटत नाही.

कुणी विकलंय का? कुठे, किती आले, आणि काय विकू नये, ते सांगा.

पोहेजलेबी

६२ फेटे!! माई, आख्ख्या कॉलनीची गणपतीची मिरवणूक निघेल की त्यात 😄

रामबाग४५२

बिनधास्त विका. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाचं सामान मी विकलं, जे शिकलो ते सांगतो. पहिली गोष्ट अशी की सामान घरी आणलं की त्याची किंमत पडायला लागते, कारण घरी आणलं की ते माळ्यावर जातं, माळ्यावर धूळ बसते, आणि मग दिवाळीच्या साफसफाईला आपणच कंटाळून देऊन टाकतो. आमच्या वेळी त्याच गार्डनमध्ये दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचं लग्न होतं. मी रात्री बिदाईनंतर गार्डनच्या मॅनेजरकडून त्या मंडळींचा नंबर घेतला आणि सकाळी सातला फोन केला की प्रवेशाच्या माळा, टोपल्या, छत्र्या लावलेल्याच आहेत, तुम्हाला आहेत तशा पाहिजेत का? त्यांनी येऊन बघितलं आणि जागच्या जागी घेतलं. उतरवायची मजुरीही वाचली. घेतलेल्या किमतीच्या जवळपास निम्मे आले. जे घरी आणलं त्याचे मात्र पंचवीस टक्केही आले नाहीत.

तुमची ती वेळ गेली, पण हा धागा वाचणाऱ्या पुढच्या लोकांनी लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे सुटं विकू नका. 'हळदीचा पूर्ण सेट' असा फोटो टाका, माळा, छत्र्या, टोपल्या, पडदा एकत्र मांडून. सुट्या छत्रीला कुणी विचारत नाही, सेटला लोक घरी येतात.

अण्णा_तिलकनगर

मला हे विकणं मनाला लागतं, स्पष्ट सांगतो. राग मानू नका माई.

आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. समया, चौरंग, पाट, सतरंज्या, मोठी पातेली, गौरीहराची मांडणी ह्या वस्तू कुणाच्या मालकीच्या होत्या ते शेवटी शेवटी कुणाला आठवतही नव्हतं. आईकडे एक वही होती, कुणाकडे काय गेलंय त्याची. वाड्यातल्या पोरींच्या लग्नात तेच पाट आणि तीच समई. माझ्या बहिणीच्या रुखवतातला सप्तपदीचा देखावा नंतर चार घरांत मांडला गेला, प्रत्येक घरी त्यात काहीतरी भर पडली, आणि परत आला तेव्हा तो आधीपेक्षा मोठा होता. पैसे मध्ये आले असते तर तो असा फिरला नसता. त्यामुळे माझं मत, नातेवाइकांत आणि ओळखीत विचारा, ज्याला पाहिजे त्याला द्या, आणि वापरून झालं की पुढच्याला द्यायला सांगा.

चिऊ_९६

अण्णाकाका, तुमचं वाचून डोळ्यांसमोर वाडा आला, खरंच. पण माझं लग्न मार्गशीर्षात आहे आणि मी विजयनगरमध्ये टू बीएचके फ्लॅटमध्ये राहते. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, त्यातल्या दोघांची नावं मला माहीत नाहीत. मी कुणाकडे मागू? आईला विचारलं तर ती म्हणते मागितलं की ऐकून घ्यावं लागतं, परत देताना एक दिवा कमी निघाला की जन्मभर तो दिवा निघतो. विकत घेतलं की मोकळं. मला सेकंडहँड घ्यायला अजिबात लाज वाटत नाही, उलट बाबांवर किती भार टाकायचा ह्याचंच मला टेन्शन आहे. त्यामुळे माई, विकताय म्हणजे तुम्ही माझ्यासारखीवर उपकारच करताय.

आणि माई, खणाच्या बटव्यांचा फोटो टाका ना. रंग कुठला आहे?

सुदामानगरची_माई

बटवे जांभळे आणि हिरवे, काठ नारिंगी. सगळे ११० कोरे आहेत ग, कारण आयत्या वेळी विहीणबाईंनी आहेर घेऊच नका असं ठरवलं, मग देणं-घेणंच झालं नाही. फोटो संध्याकाळी टाकते.

अण्णा, राग कसला. तुमची वही मला फार आवडली.

गुरुजींची_लेक

वडील पंचेचाळीस वर्षं लग्नं लावतात, त्यामुळे हा 'विकावं की नाही' प्रश्न आमच्या घरी येतच असतो. बाबा जे सांगतात ते लिहिते, तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर तीच धरा.

ज्याची पूजा झाली आणि जे वधूवरांच्या अंगावर होतं ते वेगळं काढायचं. मुंडावळ्या, हळदीची वस्त्रं, गौरीहरातली अन्नपूर्णा. अन्नपूर्णा तर मुलीबरोबर सासरी जाते, ती तिचीच. पूजेतल्या सुपाऱ्या, कलशावरचा नारळ ह्यांचा हिशोब त्या त्या पूजेबरोबर संपतो. बाकी माळा, पडदे, दिवे, छत्र्या, फेटे ही सजावट आहे. सजावटीला सोवळं-ओवळं नसतं. मांडववाला तरी दुसरं काय करतो, तेच पडदे रोज नव्या मांडवाला लावतो आणि आपण त्याखाली लग्नं लावतो.

अंतरपाट म्हणजे मुळात पांढरं कोरं वस्त्र, त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं. काही घरांत तो गुरुजींना देतात. पण कित्येक घरांत एकच अंतरपाट आजीपासून नातीपर्यंत चालतो आणि त्याला लोक भाग्याचा मानतात. बाबांचं म्हणणं, माई, की हाताने रंगवलेला असेल तर तो विकू नका, ठेवा आणि मागेल त्याला लग्नापुरता द्या. हे शास्त्र म्हणून सांगत नाही, पण ज्या बाईने तीन आठवडे बसून तो रंगवला तिला एकदा विचारा.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे लग्नं जास्त करून थंडीतली, मॅरेज गार्डनचीच. सजावटीवर इथे सगळे बोलतायत, पण आम्ही खरे पैसे वाचवले ते किराण्यात. सामान घेतानाच व्यापाऱ्याशी वापसीची बोली करायची. तेलाचे सीलबंद डबे, तुपाचे डबे, साखरेचं न फोडलेलं पोतं, पाण्याच्या बाटल्यांच्या बंद पेट्या, पत्रावळ्या-द्रोणांचे न उघडलेले गठ्ठे, जे जसं गेलं तसं तीन दिवसांत परत आलं तर बिलातून वजा. दाल बाजारात आमच्या व्यापाऱ्याने हे कच्च्या बिलावरच लिहून दिलं होतं. इंदूरला सियागंजातून घेत असाल तर तिथेही विचारून बघा. फक्त हलवायाला आदल्या दिवशी सांगायचं की एक डबा संपल्याशिवाय दुसरा फोडू नको, नाहीतर तो रात्रीच सगळ्या डब्यांची तोंडं उघडून ठेवतो आणि मग वापसी गेली.

काजू-बदाम मात्र परत कुणी घेत नाही. ते घरात वाटून टाका, पावसाळ्यात किडे होतात.

पोहेजलेबी

@लष्करकर, आमच्याकडे एवढं तूप उरलं होतं की सहा महिने वरण दिसतच नव्हतं, वर तुपाचं तळं 😀

लष्करकर

आणि हो, तुम्ही अटालेवाला म्हणता ते वाचून मजा वाटली, आमच्याकडे तो कबाडी.

सूरसागर_काठ

आणि आमच्या बडोद्याला पस्तीवाला. पण पस्तीवाला फक्त कागद घेतो, बाकीच्याला भंगारवाला. माझी इंदूरची मावशी 'अटाला काढायचाय' म्हणायची तेव्हा लहानपणी मला वाटायचं हे कुठल्या सणाचं नाव आहे.

रामबाग४५२

अटाला हा शब्द बाहेर गेलो की कुणाला कळत नाही. पुण्यात मेव्हण्याला म्हटलं 'हे सगळं अटाल्यात द्या', तो म्हणाला कुठल्या गावात आहे हे?

टेंटवाला_पाव्हणा

मी डेकोरेशनच्या धंद्यात आहे, भावाचं टेंट हाऊस आहे, मी फुलांचं आणि स्टेजचं बघतो. दोन-तीन गोष्टी धंद्याच्या आतून सांगतो.

एक, आधी बिल बघा की सामान तुमचं आहे का. बरेच लोक समजतात की लाखभर दिले म्हणजे स्टेजवरची खोटी फुलं, पडदे, खांब सगळं आपलं. नाही. ते भाड्याचं असतं आणि आमचा माणूस रात्री दोनला सगळं मोजून घेऊन जातो. खरी फुलं तुमची, ती न्या. माईंनी सामान स्वतः विकत घेतलंय म्हणून त्यांचा प्रश्न नाही, पण बाकीच्यांनी बोली करतानाच विचारा.

दोन, आम्हाला विकायला याल तर भाव कमी मिळेल, ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला एका रंगाच्या दोन हजार माळा लागतात, तुमच्या दीडशेचा पिवळा माझ्या पिवळ्याशी जुळत नाही, मग त्या मला कोपऱ्यालाच लावाव्या लागतात. आणि स्वस्तातली खोटी फुलं उन्हात लावली तर पंधरा-वीस दिवसांत फिकी पडतात. तुमच्या हॉलच्या आत लागली होती की बाहेर गेटवर? गेटवरच्या वेगळ्या काढा आणि त्यांचा भाव कमीच सांगा. घरगुती गिऱ्हाइकाला दीडशे माळा भरपूर होतात, त्यामुळे गिऱ्हाईक घरगुतीच शोधा.

तीन, लोखंडी चौकट लगेच विकली जाईल. ती मोडत नाही, फिकी पडत नाही, आणि वाढदिवस, डोहाळेजेवण, बारसं सगळ्याला लागते. ती फुकट कुणाला देऊ नका. नट-बोल्ट आणि जोडायच्या कड्या एका पिशवीत घालून चौकटीलाच बांधून ठेवा, निम्म्या चौकटी एका हरवलेल्या नटापायी अटाल्यात जातात.

झालर विकायच्या आधी एकेक माळ अर्धा तास लावून बघा. जिथे वायर कापून जोडलीये तिथे टेप लावलेली असेल तर ती माळ विकू नका आणि घरातही लावू नका, पावसात करंट येतो. बोलून राह्यलोय ते हसण्यावारी नेऊ नका, आमच्या एका पोराला बसलाय असा झटका.

गुरुजींची_लेक

@टेंटवाला_पाव्हणा, त्या धुळीचं काय करता हो? खोट्या फुलांत बसते ती निघतच नाही.

टेंटवाला_पाव्हणा

ताई, मोठ्या पिशवीत फुलं टाका, दोन मुठी जाडं मीठ टाका, तोंड बांधून हलवा. मीठ काळं होतं, फुलं साफ. कापडी फुलांना पाण्यात घालू नका, रंग सोडतात.

नर्मदाकाठ

रुखवतात थर्माकोलचं काही आहे का माई? असेल तर ते विकायच्या यादीतून काढा. सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, बनवणं, साठवणं, विकणं, वापरणं सगळंच. त्याच यादीत मिठाईच्या डब्यांना आणि निमंत्रण पत्रिकांना गुंडाळायचा प्लास्टिकचा कागदही आहे. लोकांना हे माहीत नसतं, थर्माकोलचे नावाचे अक्षरफलक सर्रास विकायला टाकतात.

सुदामानगरची_माई

आहे की! सप्तपदीची सात पावलं थर्माकोलवरच चिकटवलीयेत आणि जावयाच्या नावाचं पहिलं अक्षर. बरं झालं सांगितलंत. पावलं काढून पुठ्ठ्यावर लावते.

रामबाग४५२

अक्षरांवरून आठवलं. आमच्याकडे लाकडी कापलेली दोन अक्षरं होती, स आणि प, मध्ये बदाम. मला वाटलं हे कोण घेणार. टाकलं आणि चार दिवसांत तीन फोन! स आणि प च्या जोड्या ह्या इंदुरात इतक्या असतील असं कधी वाटलं नव्हतं. शेवटी ज्यांनी घेतलं त्यांनी बदाम पण मोजून घेतला.

वहिनी_मल्हारगंज

माझा कडू अनुभव लिहिते, म्हणजे कुणी फसू नये. मुलाच्या लग्नानंतर पितळी समयांचा जोड आणि पडदे विकायला एका ॲपवर टाकले. तासाभरात एकाचा फोन, म्हणे मी फौजेत आहे, महूला पोस्टिंग आहे, बघायला येऊ शकत नाही, पैसे आत्ताच पाठवतो. भाव सुद्धा केला नाही. मग एक क्यूआर कोड पाठवला, 'स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील'. मी टाकला. ९,५०० गेले. परत म्हणाला चुकून झालं, दुसरा पाठवतो, तेव्हा सून धावत आली आणि तिने फोन हिसकावला.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. एवढं एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर! सुनेने लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार केली, पण पैसे काही परत आले नाहीत. मला महिनाभर जेवण गोड लागलं नाही, पैशापेक्षा आपण इतक्या सहज ऐकलं ह्याचंच.

चिऊ_९६

काकू, तुमची काही चूक नाही, ते लोक रोज हेच करतात. लिहिलंत ते फार चांगलं केलंत, मी आईला वाचून दाखवलं.

अण्णा_तिलकनगर

वहिनी, वाचून वाईट वाटलं. ओळखीत द्या म्हणतो ते ह्याचसाठीही.

सूरसागर_काठ

माई, वेळेबद्दल कुणी बोललं नाही अजून. तुम्ही आत्ता ज्येष्ठात विकायला काढताय. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत. म्हणजे लग्नाचं गिऱ्हाईक तुम्हाला थेट कार्तिकात भेटणार. पण म्हणून तोवर थांबू नका, गिऱ्हाईक बदला ने! झेंडूच्या माळा, चौकट, पडदा, झालर, दिवे ह्यातलं लग्नाचं असं खास काय आहे? सगळं गणपतीला आणि गौरींना चालतं. आम्ही बडोद्याला हेच केलं. बहिणीच्या मेंदीचे आरशाचे तोरण, रंगीत छत्र्या, गोंड्यांच्या माळा मे महिन्यात टाकल्या तर कुणी विचारलं नाही. तेच सामान ऑगस्टअखेरीस 'नवरात्रीसाठी' म्हणून टाकलं, एका सोसायटीच्या गरब्यासाठी आठ दिवसांत उचललं, आणि भाव मी सांगितला तोच दिला.

त्यामुळे तुमच्या यादीचे दोन भाग करा. फेटे आणि बटवे लग्नाचे, बाकी सगळं सणाचं. श्रावण लागला की फोटो टाका. आणि फोटो टाकताना मागे लग्नाचा मंडप दिसू देऊ नका, गणपतीची रिकामी जागा दिसू द्या.

रामबाग४५२

क्या बात है! हे मला सुचलंच नव्हतं.

हिशोबनीस

वरती कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण माझ्याकडे लोक येऊन विचारतात: घरात वापरलेलं असं सामान विकून आलेल्या पैशावर कॅपिटल गेनचा कर लागत नाही. दागिने मात्र ह्यात धरत नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा. आणि कुणी ह्याचा धंदाच करायला लागलं, दर हंगामात घेऊन विकायला लागलं, तर ते धंद्याचं उत्पन्न.

नर्मदाकाठ

कपड्यांचं पण बोला कुणीतरी. माझ्याकडे मुलाची शेरवानी आहे आणि सुनेचा हळदीचा घागरा, त्यावर हळदीचे डाग.

लष्करकर

हळदीच्या डागाला आधी साबण लावू नका, लाल होतो आणि माणूस घाबरतो. साध्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पण रेशमी किंवा रंग जाणारा कपडा असेल तर ऊन त्याचाही रंग नेईल, तो ड्रायक्लीनला द्या. शेरवानीला आतून किती शिलाई सोडलीये ते फोटोत दाखवा, दोन इंच दाब असेल तर गिऱ्हाईक लगेच मिळतं कारण ढिली करता येते.

वहिनी_मल्हारगंज

आणि जरीची साडी असेल तर अटाल्यासारखी देऊन टाकू नका. जुनी अस्सल चांदीची जर असेल तर सराफ्यात जर जाळून चांदी काढणारे घेतात. पण माझं ऐका, चांगली साडी जाळायला देऊ नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि वर्षातून दोनदा घडी बदला. नातीला लागते.

पोहेजलेबी

भांड्यांचं कुणी सांगेल का? आमच्याकडे आहेरात स्टीलचे ३८ डबे आलेत, त्यातल्या वीसांवर नाव घातलंय, 'चि. सौ. कां.' पासून देणाऱ्याच्या आडनावापर्यंत सगळं. ते कोण घेणार?

वहिनी_मल्हारगंज

नाव घातलेलं भांडं नवं असलं तरी बर्तन बाजारात मोडीच्याच भावाने घेतात. त्यापेक्षा ते देवळाच्या भंडाऱ्याला किंवा कुणी कॉलनीत जेवणासाठी भांडी गोळा करत असतील तर तिथे द्या. आणि ह्यापुढे आहेरात भांडं द्याल तर नाव घालू नका हो, घेणाऱ्याच्या हातात तेवढी मोकळीक राहू द्या.

सुदामानगरची_माई

आमच्या गार्डनमधून दोन पोती खरी फुलं पण घरी आणली होती, फेकवेनात म्हणून. ती दुसऱ्याच दिवशी सडली. त्याचं काय करायला हवं होतं?

नर्मदाकाठ

तार आणि नायलॉनचा दोरा काढून ओल्या कचऱ्यात. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्लांट आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, पण फुलांत तार राहिली तर त्याचा काही उपयोग नाही. चांगला ताजा झेंडू असेल तर मी पाकळ्या सावलीत वाळवते. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात उकळायचं, मग झेंडूच्या पाण्यात, सुंदर पिवळा चढतो. सुनेच्या मांडवातल्या झेंडूने मी सहा उशांचे अभ्रे रंगवले, ती माहेरी जाताना दोन घेऊन गेली.

रामबाग४५२

जे काहीच विकलं जाणार नाही ते नगर निगमच्या आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) सेंटरला द्या. २०२३ च्या मे महिन्यात ही सेंटरं देशभर निघाली, आपल्याकडे तर लोकांना सवयच आहे वेगळं करून द्यायची. टोपल्या, पडदे, चपला, जुने कपडे घेतात. फक्त फाटकं देऊ नका, दुसऱ्याने वापरावं असं द्या.

अण्णा_तिलकनगर

सगळं वाचतोय. चिऊ, तुझं ते 'विकत घेतलं की मोकळं' दोन दिवस डोक्यात राहिलं. तू म्हणतेस ते खरं आहे, मागण्यात मिंधेपण असतं, ते आमच्या वेळीही होतं, आम्ही पुरुष ते पाहत नव्हतो. आई पाहत असणार, म्हणूनच तिने वही ठेवली असेल. दुकानातून आणलेलं विकायला माझी हरकत मागे घेतो. हाताने केलेलं मात्र विकू नये, हे अजूनही वाटतं.

चिऊ_९६

अण्णाकाका 🙏

सुदामानगरची_माई

(तीन महिन्यांनी धागा वर आणतेय, अनंत चतुर्दशी झाली, आता जरा हात मोकळे झाले.)

मंडळी, तुमचं ऐकून जे केलं त्याचा हिशोब द्यायचाय.

सूरसागर ताईंनी सांगितल्याप्रमाणे श्रावणात फोटो काढले, दिवाणखान्यात चौकट उभी करून, पडदा आणि माळा लावून, मध्ये चौरंग रिकामा. पहिल्याच आठवड्यात चौकट, एक पडदा, ८० माळा आणि १० झालरी एकाच घरी गेल्या, ६,२०० रुपयांना. घरी येऊन, बघून, रोख. त्यांनी नंतर गौरींचा फोटो पाठवला, माझाच पडदा, त्यापुढे त्यांच्या गौरी, इतकं बरं वाटलं की काय सांगू. सासूबाईंना दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, हे लग्नात एवढं चांगलं दिसलं नव्हतं.

पोहेजलेबींनी पहिल्या दिवशी जे गमतीत लिहिलं होतं तेच झालं. आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं विसर्जनाला फेटे भाड्याने आणणार होती. मी म्हटलं माझ्याकडचे घ्या. ४० फेटे प्रत्येकी १५० ने घेतले, घेतले होते ३५० ला. पावसात भिजले, पण आता ते त्यांचे आहेत. उरलेले २२ तसेच आहेत, ते कार्तिकात बघू.

बटवे सगळे चिऊने घेतले, लग्नाच्या आधीच पैसे देऊन गेली, भाव केला नाही म्हणून मीच दहा रुपये कमी केले प्रत्येकी. छत्र्या आणि टोपल्या कुणी घेतल्या नाहीत. टोपल्या आरआरआर सेंटरला दिल्या, छत्र्या शेजारच्या बालवाडीला. जोड असलेल्या चार झालरी तोडून टाकल्या. पत्रिकांवरचे गणपती कापून घेतले, मागच्या कोऱ्या भागाची पाकिटं केली.

सगळे मिळून १७ हजारांच्या थोडे वर आले. त्यातले पाच जावेला द्यायला गेले, तिने घेतले नाहीत. मग मी तिला गुरुजींच्या लेकीने म्हटलं तसं विचारलं, अंतरपाटाचं काय करू. ती म्हणाली, वहिनी, विकू नका, पण कपाटातही ठेवू नका. दुसऱ्या कुणाच्या मध्ये धरलेला बघायला मला आवडेल.

तर एक वही केली आहे, अण्णा. पहिल्या पानावर माझ्या लेकीचं लग्न, तारीख आणि गाव. खाली जागा सोडलीये. अंतरपाट, सप्तपदीची पावलं (आता पुठ्ठ्यावर) आणि दोन समया एवढंच त्यात आहे, बाकी काही नाही. पैसे घेणार नाही. फक्त धुऊ नका, रंग कच्चा आहे, आणि आठ दिवसांत परत आणा.

अण्णा_तिलकनगर

माई, वही जाड घ्यायला हवी होती.

चिऊ_९६

माई, दुसरी ओळ माझी लिहाल का? आई म्हणाली मागायला मी स्वतः येते, फोनवर नको. रविवारी सकाळी घरी आहात का? पोहे घेऊन येतो.

सुदामानगरची_माई

या. पोहे आणू नका, इथे करते. जावेलाही बोलावून ठेवते, तो कसा धरायचा ते तीच दाखवेल.